मुंद्रा ‘प्रमुख’ का नाही?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या स्पर्धा परीक्षेच्या पानावर गेल्या आठवड्यात बंदरांची यादी आली होती. ‘भारतातील प्रमुख बंदरे : १२’ असा मथळा, डावीकडे पश्चिम किनारा, उजवीकडे पूर्व किनारा, दोन्हीकडे सहा-सहा नावं. माझी नात दापोलीच्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवेची तयारी करते. तिने पानाचा फोटो पाठवला आणि लगेच फोन केला. “आजोबा, तुम्ही तर सांगता गुजरातच्या मुंद्र्याएवढा माल देशात कुठेच हलत नाही. मग मुंद्रा यात का नाही? छापायचं राहिलं का?”

छापायचं राहिलेलं नाही. तुमची यादी कायद्याने बरोबर आहे. पण ती वाचून मुलांच्या डोळ्यासमोर जो किनारा उभा राहतो तो खरा नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. मी १९७६ साली खलाशी म्हणून जहाजावर चढलो आणि २०१२ साली बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणून उतरलो. तुमच्या यादीतल्या बाराही बंदरांत मी दोर टाकलेला आहे.

पहिली गोष्ट ‘प्रमुख’ या शब्दाची. वाचणाऱ्याला वाटतं प्रमुख म्हणजे मोठं. कायद्यात त्याचा अर्थ एवढाच की ते बंदर केंद्राने तसं जाहीर केलेलं आहे आणि त्याचा कारभार केंद्राकडे आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत प्रमुख बंदरं संघसूचीत आहेत, बाकीची समवर्ती सूचीत. प्रमुख बंदरांसाठी आधी १९६३ चा कायदा होता, आता २०२१ चा आहे. बाकीच्या बंदरांचं राज्यं बघतात. गुजरातने त्यासाठी १९८२ मध्येच सागरी मंडळ काढलं, आपल्याकडे ते १९९६ मध्ये आलं. मुंद्रा, पिपावाव, आपल्याकडची जयगड आणि दिघी, ओडिशातलं धामरा, आंध्रातली कृष्णपट्टणम आणि गंगावरम, केरळातलं नवं विळिंजम ही सगळी या दुसऱ्या खात्यातली. आणि याच खात्यातल्या मुंद्र्याने २०२४-२५ या एका वर्षात २० कोटी टनांचा आकडा ओलांडला. त्या वर्षी केंद्राच्या बंदरांत सर्वांत पुढे असलेली पारादीप आणि कांडला १५ कोटींच्या आसपास होती. नातीच्या मार्गदर्शक पुस्तकात मात्र मुंद्र्यापुढे ‘दुय्यम बंदर’ असं छापलंय. २० कोटी टनांचं दुय्यम बंदर पाहून मुलगी गोंधळेल नाही तर काय?

आता हा शब्दच्छल कशाला, असं कुणी म्हणेल. डहाणूच्या माणसाला विचारा. तिथे जवळच वाढवणचं नवं बंदर ‘प्रमुख’ म्हणून होतंय. त्यात न्हावा-शेव्याच्या प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६. म्हणजे तिथल्या मच्छीमाराने आपलं गाऱ्हाणं मुंबईत न्यायचं की दिल्लीत, हे या एका शब्दाने ठरतं. आमच्या दाभोळसमोर खाडीपलीकडे काही झालं तर आम्ही वेगळ्या, राज्याच्या दारात उभे राहतो. एवढं तरी यादीखाली दोन ओळींत यायला हवं होतं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती माझ्या जिव्हाळ्याची आहे. तुमच्या यादीत कांडला आणि कोची एकाखाली एक छापलेली आहेत, जणू एकाच आळीतली दोन घरं. कच्छच्या आखातात उधाणाला पाणी सहा-सात मीटर चढतं आणि तेवढंच उतरतं. जेटीला लागलेलं जहाज सकाळी दुमजली घरासारखं डोक्यावर उभं दिसतं आणि दुपारी त्याचा डेक जवळजवळ धक्क्याला येतो. गँगवे, म्हणजे जहाजावर चढायची शिडी, सतत हलवावी लागते, दोर ढिले करा, दोर ताणा, हे रात्रंदिवस चालतं. एकदा अशाच एका जेटीवर पहाटेच्या पाळीतल्या पोराचा डोळा लागला. भरती सुरू झाली, पुढचा दोर ताणत गेला आणि बंदुकीसारखा आवाज करून तुटला. तुटलेलं टोक ज्याच्या पायाला लागलं तो माझ्याच तालुक्यातला होता. तो वाचला, पण परत जहाजावर चढला नाही. त्या पाळीची जबाबदारी माझी होती आणि पुढची सगळी वर्षं भरतीचं कोष्टक मी स्वतः वाचून प्रत्येकाकडून पाठ करून घेतलं.

कोचीला हेच पाणी मीटरभरही हलत नाही. तिथली अडचण निराळी होती. खाडीच्या तोंडावर वाळूचा दांडा होता, मोठं जहाज आत जायचं नाही, बाहेर उभं राहून माल होड्यांत उतरवायचा. १९२० मध्ये रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनियर आला, त्याने तो दांडा कापला आणि उपसलेल्या गाळातून आख्खं विलिंग्डन बेट उभं केलं. आज बंदराची कचेरी, धक्के, रेल्वे त्या गाळावर आहे. मी हे इतकं लिहितो कारण आमच्या वाशिष्ठीच्या मुखावरही असाच दांडा आहे. पाचशे वर्षांपूर्वी दाभोळला अरबस्तानातून घोडे उतरायचे. आज आमच्या पाण्यातून फेरीबोट धोपाव्याला जाते आणि मच्छीमारी होड्या भरती बघून आत येतात. पलीकडे अंजनवेलला गॅसचं टर्मिनल २०१३ मध्ये सुरू झालं, पण लाटा अडवणारी भिंत पुरी नसल्यामुळे वर्षानुवर्षे पावसाळ्यात तिथे गॅसचं जहाज लावता येत नव्हतं. कागदावर टर्मिनल होतं, प्रत्यक्षात वर्षातले चार महिने नव्हतं. भिंत किती पुरी झाली ते कुठल्याही यादीत दिसत नाही.

कांडल्याचा जन्मही मुलांना सांगा. फाळणीत कराची गेलं, उत्तर भारताचा माल कुठून येणार असा प्रश्न पडला, म्हणून १९५२ मध्ये नेहरूंनी तिथे पायाभरणी केली आणि १९५५ मध्ये ते प्रमुख बंदर झालं. आता नाव दीनदयाळ आहे, पण खलाशी अजून कांडलाच म्हणतात. जून १९९८ च्या वादळात तिथे मिठागरातली माणसं मोठ्या संख्येने गेली. त्यांची नोंद कुठल्याही टनांत नाही.

मुंबईबद्दल आपल्या वाचकांना मी काय सांगावं. इंदिरा गोदीला दरवाजे आहेत, भरतीला जहाज आत घ्यायचं आणि दरवाजा लावून पाणी कोंडायचं, म्हणजे बाहेर ओहोटी लागली तरी आत जहाज तरंगतं. हे १९१४ पासून चालू आहे. माझे वडील त्या गोदीत माथाडी होते. १९४४ च्या १४ एप्रिलला व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ फुटलं, त्याचा आवाज ऐकलेली माणसं मी लहानपणी पाहिली आहेत. पुढे कंटेनर आले, ते जुन्या गोदीत मावेनात, आणि मे १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा सुरू झालं.

इथे तुमच्या बातम्यांविषयी एक नाराजी नोंदवतो. मध्यंतरी तुम्ही छापलं होतं की मालाच्या बाबतीत न्हावा-शेवा पारादीपच्या मागे पडलं. टनांत पाहिलं तर खरं आहे, न्हावा-शेव्याचा आकडा सव्वानऊ कोटींच्या आसपास. पण पारादीपचा माल म्हणजे कोळसा आणि खनिज, आणि न्हावा-शेव्याचा म्हणजे डब्यातला माल. कपडे, औषधं, यंत्रांचे सुटे भाग, नाशिकची द्राक्षं. वीस फुटी डबा हे त्याचं माप, आणि २०२४-२५ मध्ये तिथे असे सुमारे ७३ लाख डबे हलले. द्राक्षांचा डबा आणि जहाजाच्या पोटातला कोळसा एका तराजूत घालून कोण मागे पडलं ते ठरवता येत नाही. आपल्या शेतकऱ्याला न्हावा-शेव्याला किती तास ट्रक उभा राहतो हे कळलं पाहिजे. टनांच्या क्रमवारीतून त्याला काही मिळत नाही.

मुरगाव मला वेगळ्या कारणाने आठवतं. तिथे खनिज गाडीने कमी आणि बार्जेसने, म्हणजे सपाट मालवाहू बोटींनी, जास्त यायचं. मांडवी आणि जुवारी दोन्ही नद्यांतून लाल मातीने माखलेल्या बार्जेस रांगेने खाली उतरायच्या आणि जहाजाच्या कुशीला लागायच्या. मी निवृत्त झालो त्याच वर्षी, २०१२ मध्ये, गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि ती रांग थांबली. बार्जवर काम करणारे माझ्या ओळखीचे कितीतरी जण घरी बसले. बंदर प्रमुखच राहिलं, यादीतलं त्याचं नाव हललं नाही. मंगळूरला माझ्या फार खेपा झाल्या नाहीत. पणंबूरचं ते बंदर १९७४-७५ मधलं, किनारा खोदून आत घेतलेलं, आणि तिथली कॉफी परदेशी जाते एवढं मला ठाऊक आहे.

आता पूर्वेकडे. शाळेत शिकवतात की पश्चिम किनाऱ्यावर नैसर्गिक बंदरं आणि पूर्वेला माणसाने बनवलेली. ढोबळ मानाने ठीक आहे. पण ‘माणसाने बनवलेलं’ म्हणजे काय ते चेन्नईला उभं राहिल्यावर कळतं. तिथे खाडी नाही, आडोसा नाही, सरळ उघडा समुद्र. त्यात दगडाचे दोन हात टाकून पाणी अडवलं. १८८१ च्या वादळाने ते हात मोडले, पुन्हा बांधले. त्या किनाऱ्याने वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. बंदराच्या भिंतीने ती अडली. दक्षिणेला साचत गेली आणि मरीनाची चौपाटी रुंद झाली. उत्तरेला रायपुरमकडे वाळू पोचेना, तिथला किनारा समुद्र खात गेला आणि कोळ्यांची वस्ती दगड रचून बसली. पर्यटक मरीनावर फोटो काढतो, रायपुरमचा कोळी घर मागे सरकवतो, आणि दोघांच्याही मागे तीच भिंत आहे. मला हे एका टग, म्हणजे जहाजं ओढणारी बोट, चालवणाऱ्या तमिळ मित्राने दाखवलं, त्याचं स्वतःचं घर उत्तरेला होतं.

चेन्नईत कोळसा उतरवताना आमचे कपडे, जेवणाचं ताट, नाकपुड्या सगळं काळं व्हायचं. आम्ही दोन-तीन दिवसांत निघून जायचो, बंदराबाहेर राहणारी माणसं कुठे जाणार? शेवटी मद्रास उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि २०११ मध्ये कोळसा नि लोहखनिज तिथून हलून उत्तरेला एन्नोरला गेलं. एन्नोर २००१ चं, मुळात वीज केंद्रांच्या कोळशासाठीच बांधलेलं. आज त्याला कामराजर म्हणतात.

त्या कोळशाची वाट मी सर्वांत जास्त वेळा केली आहे. तालचेरच्या खाणीतून रेल्वेने पारादीप, तिथे जहाजात भरायचा, अडीच-तीन दिवसांत एन्नोर, नाहीतर आणखी खाली तुतिकोरिन. रिकामं जहाज घेऊन परत वर. अशा खेपा मी सलग नऊ-नऊ महिने केल्या. तामिळनाडूत दिवा लागतो त्यात ओडिशाचा कोळसा आहे आणि तो समुद्राने जातो, हे भूगोलाच्या पुस्तकात एका ओळीत तरी हवं. मुलांना वाटतं बंदर म्हणजे परदेश. पारादीपचा मोठा माल आपल्याच एका किनाऱ्यावरून आपल्याच दुसऱ्या किनाऱ्याला जातो. बिजू पटनायकांच्या हट्टातून उभं राहिलेलं, १९६६ मध्ये प्रमुख झालेलं हे बंदर २०२३-२४ मध्ये साडेचौदा कोटी टनांवर जाऊन पहिल्यांदा कांडल्याच्या पुढे गेलं, ते प्रामुख्याने अशा मालावर. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळानंतर काही आठवड्यांनी मी तिथे उतरलो होतो. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर झाडं उभी होती, पण एकाला पान नव्हतं. धक्क्यावर आमचे दोर घेणाऱ्या माणसांत दोन ओळखीचे चेहरे नव्हते. विचारलं तर नुसतं ‘एरसमा’ म्हणाले. एरसमा हे त्यांच्या बाजूचं गाव.

विशाखापट्टणमला आत शिरताना डॉल्फिन नोजचा डोंगर इतका जवळून जातो की खडकातली झुडपं मोजता येतात. आतलं बंदर १९३३ चं, तेव्हा मध्य प्रांतातलं मँगनीज तिथून बाहेर जायचं. बाहेरचं १९७६ मध्ये झालं, बैलाडिल्याचं लोखंड जपानला नेणाऱ्या मोठ्या जहाजांसाठी. तुतिकोरिनला चिदंबरम पिल्लै यांचं नाव आहे. इंग्रजांच्या बोटींना टक्कर द्यायला १९०६ मध्ये या माणसाने स्वदेशी बोट कंपनी काढली आणि पुढे त्यासाठी तुरुंगात तेलाचा घाणा ओढला. नावं बदलण्याबद्दल माझं काहीही मत असो, हे नाव त्या धक्क्यावर शोभतं.

राहिलं कोलकाता. ते समुद्रावर नाहीच. नदीच्या मुखाबाहेर सँडहेड्सला पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा, चढतो आणि मग दोनशेहून जास्त किलोमीटर हुगळीतून वर जायचं. नदीचा तळ दर महिन्याला हलतो. काल जिथे पाणी होतं तिथे आज वाळू. पायलट बोलायचा नाही, फक्त आकडे सांगायचा, आणि सुकाणूवर उभं राहून ते आकडे परत म्हणताना माझ्या पाठीला घाम फुटायचा. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राकडून पाण्याची भिंत नदीत शिरते, बंगाली तिला ‘बान’ म्हणतात. त्या वेळी नदीत बांधलेल्या जहाजाला जादा साखळ्या घालाव्या लागतात. गाळ वाहून जावा म्हणून १९७५ मध्ये फराक्क्याहून गंगेचं पाणी हुगळीकडे वळवलं, आणि जास्त खोल जहाजांसाठी १९७७ मध्ये खाली हल्दिया काढलं. शंभर वर्षांपूर्वी देशाचा चहा आणि ताग ज्या धक्क्यांवरून गेला, ते आज गाळाशी झगडताहेत. त्या यादीत हे नाव बाराव्या क्रमांकावर होतं, सर्वांत शेवटी. मला वाईट वाटलं.

आणि आता वाढवण. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, ऑगस्टमध्ये भूमिपूजन, ७६ हजार २२० कोटींचा खर्च. हे आकडे तुम्ही अनेकदा छापले. मी बंदराच्या बाजूचा माणूस आहे, माझं घर बंदरांनी चालवलं. वाढवणला किनाऱ्याजवळ २० मीटरच्या आसपास नैसर्गिक खोली आहे आणि तेवढी खोली न्हावा-शेव्याला उपसूनही मिळत नाही, हे मला समजतं. आपले डबे कोलंबोला नेऊन मोठ्या जहाजात चढवायचे, हा वर्षानुवर्षांचा भुर्दंड मी पाहिला आहे. मे २०२५ मध्ये विळिंजम रीतसर सुरू झालं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. पण वाढवणच्या त्याच मंजुरीत आणखी दोन आकडे आहेत. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि १०.१४ किलोमीटर लांबीची लाटरोधक भिंत. चेन्नईची वाळू कुठे गेली हे ज्याने पाहिलं आहे, त्याला या दोन आकड्यांपुढे झोप लागणार नाही. दहा किलोमीटरच्या भिंतीमागे वाळू कुठे साचणार, डहाणूच्या कुठल्या गावाचा किनारा खचणार, घोळ आणि पापलेटच्या जाळ्यांच्या जागा कुठे जाणार, हे तुमच्या बातमीदाराने गावोगाव विचारून छापावं. खर्चाचा आकडा वाचकाला आता पाठ झाला आहे.

नात गणपतीला घरी येते आहे. तिच्यासाठी मी जुन्या कालनिर्णयच्या पाठीमागे किनाऱ्याचा नकाशा काढला आहे. बाराही बंदरं लाल पेन्सिलीने, मुंद्रा, पिपावाव, जयगड, विळिंजम, धामरा निळ्या पेन्सिलीने, प्रत्येकापुढे उधाणाला पाणी किती चढतं आणि मी तिथे काय भरलं किंवा उतरवलं ते लिहिलं आहे. वाढवण शिसपेन्सिलीने काढलं आहे. नकाशा सोबत जोडतो. तुमच्या चित्रकाराला त्यावरून नीट काढता आला तर स्पर्धा परीक्षेच्या पानावर छापावा. मूळ कागद मात्र चतुर्थीपूर्वी परत पाठवा, तिला तो अभ्यासिकेत भिंतीवर लावायचा आहे.

आपला,
एक निवृत्त बोसन
दाभोळ, ता. दापोली, जि. रत्नागिरी